'पूर्व' मंजुरीची गोष्ट

मुंबई-पुण्याहून गोव्याला जाणारी आपल्यातली बरीच मंडळी हल्ली दाबोळीऐवजी मोपाला उतरतात. चकचकीत टर्मिनल, भलं मोठं पार्किंग, बाहेर आलं की टॅक्सीची तीच जुनी घासाघीस. पण २०१९ साली सुप्रीम कोर्टाने या विमानतळाची पर्यावरण मंजुरी तब्बल साडेनऊ महिने थांबवून ठेवली होती, हे त्यातल्या फारच थोड्यांना माहीत असतं. कारण ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. एक फॉर्म नीट भरलेला नव्हता!

आपण आयटीवाले फॉर्म हा प्रकार फारसा मनावर घेत नाही. स्टार लावलेली फील्ड्स भरायची, बाकीची सोडून द्यायची आणि नेक्स्ट दाबायचं. पण काही फॉर्म असे असतात की त्यातल्या एका रकान्यात काय लिहिलं (किंवा काय लिहिलं नाही) यावर एखादं पठार, एखादा झरा, एखादं गाव राहणार की जाणार हे ठरतं. तो फॉर्म, त्यामागचा कायदा आणि त्या कायद्यातला 'पूर्व' हा दोन अक्षरी शब्द, आजचा लेख यावर.

कायद्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते. सरकारने एखाद्या मोठ्या प्रकल्पाला हो म्हणण्याआधी त्या प्रकल्पाने आजूबाजूच्या हवा-पाणी-जंगल-माणसांचं काय होईल हे तपासायचं, ते लिहून काढायचं, लोकांना दाखवायचं आणि मग निर्णय घ्यायचा. यालाच पर्यावरण आघात मूल्यांकन म्हणतात. रोजच्या बोलण्यात ईआयए. वाचताना वाटतं, हे तर कॉमन सेन्स आहे, याला कायदा कशाला हवा? तर त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. गंमत म्हणजे तिथेही एक विमानतळच भेटतो.

१९६८ साली अमेरिकेत, मायामीच्या पश्चिमेला, एव्हरग्लेड्सच्या दलदलीत जगातला सगळ्यात मोठा विमानतळ बांधायचं काम सुरू झालं. जागा ३९ चौरस मैल, म्हणजे साधारण १०० चौरस किलोमीटर. धावपट्ट्या सहा. आवाजापेक्षा वेगवान विमानांचा जमाना येऊ घातला होता, त्यामुळे सगळेच जोशात होते. आता एव्हरग्लेड्स म्हणजे नुसता चिखल नव्हे. ती एक पसरट, अगदी संथ वाहणारी नदीच आहे, आणि तिचं पाणी पुढे राष्ट्रीय उद्यानात जातं. पण बुलडोझर आणायच्या आधी "या पाण्याचं काय होणार?" असं विचारायला कोणी बांधील नव्हतं. तसा नियमच नव्हता. ओरड झाल्यावर १९६९ मध्ये सरकारने लूना लिओपोल्ड या जलशास्त्रज्ञाकडून अहवाल करून घेतला. त्याचा निष्कर्ष सरळ होता: हा विमानतळ झाला तर दक्षिण फ्लॉरिडातली परिसंस्था आणि तिच्याबरोबर ते राष्ट्रीय उद्यान संपेल. जानेवारी १९७० मध्ये काम आटोपतं घ्यायचा करार झाला. तोवर साडेदहा हजार फुटांची एक धावपट्टी बांधून झाली होती. तिचा वापर पुढे वर्षानुवर्षं वैमानिकांच्या सरावासाठी झाला.

(इतिहास कसा फिरून येतो बघा. २०२५ मध्ये याच धावपट्टीवर स्थलांतरितांना डांबण्यासाठी छावणी उभारली गेली, आणि ती उभारण्याआधी पर्यावरणाचा अभ्यास का केला नाही, म्हणून खटला झाला. ऑगस्टमध्ये खालच्या कोर्टाने छावणी आवरायला सांगितलं, सप्टेंबरमध्ये अपील कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली.)

१९६९ हे वर्ष अमेरिकेत एकूणच असं होतं. जानेवारीत कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बराजवळ समुद्रातली तेलविहीर फुटली आणि किनारे काळे झाले. जूनमध्ये क्लीव्हलंडमध्ये कायाहोगा नदीवरच्या तेलाच्या तवंगाला आग लागली. हो, नदीला आग! त्याच सुमारास सिनेटर हेन्री जॅक्सन पर्यावरण धोरणाचा एक कायदा तयार करत होते. त्यांना मदत करणारे राज्यशास्त्राचे प्राध्यापक लिंटन कॉल्डवेल यांनी एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. नुसतं "आम्ही निसर्गाची काळजी घेऊ" असं कायद्यात लिहून काही होत नाही, सरकारी खात्यांना प्रत्यक्ष काहीतरी करायला भाग पाडणारी कळ त्यात हवी. त्या कळीचं नाव 'तपशीलवार निवेदन'. प्रकल्पाचा परिणाम काय, टाळता न येणारं नुकसान कोणतं, दुसरे पर्याय कोणते, हे खात्याने आधी लेखी द्यायचं.

१ जानेवारी १९७० ला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी या कायद्यावर सही केली. नाव राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा, लघुरूप नेपा. हा कायदा जेमतेम पाच-सहा पानांचा आहे, आणि नुकसान होणार असेल तर प्रकल्प करू नका, असं तो कुठेच म्हणत नाही. आधी बघा, लिहा, दाखवा, मग तुमचं तुम्ही ठरवा, एवढंच त्याचं म्हणणं.

आता खरी परीक्षा. कायदा आला म्हणजे खाती तो पाळतात असं थोडंच आहे? अमेरिकेचा अणुऊर्जा आयोग तेव्हा मेरीलंडमध्ये चेसापीक उपसागराच्या काठी कॅल्व्हर्ट क्लिफ्स इथे होणाऱ्या अणुवीज प्रकल्पाच्या परवानगीचं काम बघत होता. आयोगाने डिसेंबर १९७० मध्ये नेपा पाळण्यासाठी आपले नियम काढले. नियम वाचण्यासारखे होते. पर्यावरणाचा अहवाल फाइलला जोडायचा, पण कोणी आक्षेप घेतला नाही तर सुनावणी मंडळाने त्यात डोकं घालायचं नाही! शिवाय ४ मार्च १९७१ च्या आधी ज्यांच्या सुनावणीची नोटीस निघाली त्या प्रकरणांत तर हे मुद्दे काढायचेच नाहीत. थोडक्यात, कागद तयार करायचा, पंच करायचा, फाइलला लावायचा आणि विसरून जायचं. आपल्याकडच्या कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल.

२३ जुलै १९७१ ला वॉशिंग्टनच्या अपील कोर्टात न्यायमूर्ती स्केली राइट यांनी हे नियम उडवून लावले. अहवाल निर्णयाच्या फाइलबरोबर नुसता फिरायला नको, प्रत्येक टप्प्यावर त्याचा विचार झाला पाहिजे, असा त्या निकालाचा गाभा. आणि निर्णय घेतानाच विचार व्हायला हवा, कारण बांधकाम पुढे गेल्यावर बदल करणं इतकं महाग होतं की मग कोणी करत नाही. आयोगाने अपील केलं नाही, उलट नियम बदलले. कॅल्व्हर्ट क्लिफ्सचं काय झालं? प्रकल्प झाला. पहिली अणुभट्टी १९७५ मध्ये आणि दुसरी १९७७ मध्ये सुरू झाली. म्हणजे या कायद्याने प्रकल्प बंद पाडला नाही, सरकारी आयोगाची काम करायची पद्धत बदलली.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख प्रचारपत्रक होईल. पाच-सहा पानांच्या या कायद्यातून पुढे कागदांचे डोंगर तयार झाले. अमेरिकी सरकारच्याच २०२० मधल्या आढाव्यानुसार एका पूर्ण अभ्यासाला सरासरी साडेचार वर्षं लागत होती आणि अंतिम अहवाल सरासरी ६६१ पानांचा होत होता. कोर्टात कोणी उणीव काढू नये म्हणून खाती सगळंच लिहायला लागली. (लॉगिंग लेव्हल डीबगला ठेवून प्रॉडक्शन चालवल्यासारखं. सगळं आहे, सापडत काही नाही.) शेवटी २०२३ मध्ये संसदेने मोठ्या अभ्यासाला साधारणपणे दोन वर्षं आणि १५० पानांची मर्यादा घातली. मे २०२५ मध्ये युटातल्या ८८ मैलांच्या रेल्वेमार्गाच्या खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोर्टांनी खात्यांच्या अभ्यासात फार खोलात शिरू नये. त्या प्रकल्पाचा अहवाल ३,६०० पानांचा होता. तेव्हा "या कायद्यांमुळे उशीर होतो" ही तक्रार अगदीच खोटी नाही. मात्र पानं कमी करणं आणि अभ्यास नंतर करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे नेमकी हीच गल्लत होते.

आता भारतात येऊ. भोपाळची दुर्घटना डिसेंबर १९८४ मधली, त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्याच कायद्याखाली २७ जानेवारी १९९४ ला पहिली ईआयए अधिसूचना निघाली. ठरावीक प्रकारच्या प्रकल्पांना केंद्राची पर्यावरण मंजुरी सक्तीची झाली. १९९७ मध्ये जनसुनावणी आली. मग १४ सप्टेंबर २००६ ला जुनी अधिसूचना बाजूला सारून नवी आली. सगळी व्यवस्था आजही मुळात तिच्यावरच चालते, फक्त मधल्या काळात तिला इतके पॅच मारले गेलेत की विचारू नका.

२००६ च्या अधिसूचनेत चार पायऱ्या आहेत. आधी प्रकल्पाला अभ्यास लागतो का ते ठरवणं, मग अभ्यासात काय काय बघायचं ते ठरवणं, मग लोकांचं म्हणणं ऐकणं, आणि शेवटी तज्ज्ञ समितीने सगळं तपासून शिफारस करणं. मोठे प्रकल्प केंद्राकडे, लहान राज्याकडे. विमानतळ केंद्राकडे. आणि अधिसूचनेतला शब्द आहे 'पूर्व पर्यावरण मंजुरी'. जमीन ताब्यात घेणं वगळता कुठलंही काम सुरू करण्यापूर्वी.

एक मोठी गोची मात्र पहिल्यापासून आहे. अभ्यास करणारा सल्लागार प्रकल्पवालाच नेमतो आणि त्याची फीही तोच देतो. म्हणजे ज्याने कोड लिहिला त्यानेच टेस्टिंगचं बिल भरायचं आणि टेस्टरनेही त्याच्याकडे बघूनच बग लिहायचे. अशा व्यवस्थेत सगळा भार दोन गोष्टींवर येतो: प्रकल्पवाल्याने सुरुवातीला दिलेली माहिती खरी असणं, आणि तज्ज्ञ समितीने डोळे उघडे ठेवणं.

मोपात या दोन्ही ठिकाणी घसरण झाली. पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधे आहे, आणि मोपाचं पठार अगदी महाराष्ट्राच्या हद्दीला लागून. पलीकडे आपला सिंधुदुर्ग. कोकणात सडा बघितलेल्याला माहीत असतं की उन्हाळ्यात तो नुसता काळा-तांबडा कातळ दिसतो, आणि पावसाळ्यात तोच पाणी पिऊन खालच्या झऱ्यांना देतो. या पठारावर विमानतळ करायला गोवा सरकारने अर्ज केला. अधिसूचनेबरोबरच्या 'फॉर्म १' मध्ये विचारलेलं असतं की १५ किलोमीटरच्या आत जंगलं, पाणथळ जागा, संवेदनशील क्षेत्रं कोणती आहेत. आजूबाजूच्या राखीव जंगलांची माहिती त्यात आलीच नाही. किती झाडं तोडावी लागतील तो आकडाही नाही. पुढे खटल्यात समोर आलेला आकडा होता ५४,६७६. फेब्रुवारी २०१५ मध्ये जनसुनावणी झाली, लोकांनी मुद्दे मांडले, आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली.

प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. लवादाने २०१८ मध्ये काही जादा अटी घालून मंजुरी कायम ठेवली. मग सुप्रीम कोर्ट. २९ मार्च २०१९ ला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि हेमंत गुप्ता यांच्या खंडपीठाने मंजुरी स्थगित केली आणि तज्ज्ञ समितीला सांगितलं की पुन्हा बघा, आणि या वेळी कारणं लिहा. गोव्याला दुसरा विमानतळ हवा की नको, या वादात कोर्ट पडलंच नाही. त्याचं बोट प्रक्रियेवर होतं. माहिती दडली की पुढचं सगळंच चुकतं, कारण समिती त्याच माहितीवरून अभ्यासाची व्याप्ती ठरवते, सल्लागार त्याच व्याप्तीत अभ्यास करतो आणि लोक त्याच अभ्यासावर बोलतात. इनपुटच चुकीचं असेल तर पुढचं प्रोसेसिंग कितीही भारी असो, काय उपयोग? शिवाय जनसुनावणीत लोकांनी जे म्हटलं त्याचं समितीने काय केलं, हे कागदावर दिसतच नव्हतं. १९७१ चा अणुऊर्जा आयोग आठवला की नाही? कागद फाइलला आहे, फक्त त्यावर विचार झाल्याची खूण नाही.

समितीने एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा बघितलं आणि जादा अटींसह मंजुरीची शिफारस केली. १६ जानेवारी २०२० ला कोर्टाने स्थगिती उठवली आणि अटी पाळल्या जातात की नाही यावर देखरेख करायचं काम नागपूरच्या नीरी या संस्थेकडे दिलं. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उतरायला लागली.

"मग शेवटी झालाच ना विमानतळ! उपयोग काय त्या साडेनऊ महिन्यांचा?" असं कोणीही विचारेल. उपयोग झाला, देखरेख आली, अटी वाढल्या. पण खरं नुकसान कुठे झालं तेही यातच दिसतं. २०१५ मध्ये, सगळं नकाशावर असताना, जंगल आणि झाडांचा प्रश्न नीट विचारला गेला असता तर आराखडा फिरवता आला असता, पर्याय तपासता आले असते. २०१९ उजाडेपर्यंत बांधकाम कंपनीशी करार होऊन दोन वर्षं उलटून गेली होती. तेव्हा तोच प्रश्न विचारल्यावर उत्तरं दोनच उरतात: पाडा, किंवा अटी घाला. आणि पाडा म्हणायची हिंमत सहसा कोणाची होत नाही.

हे फक्त मोपाचं नाही. लवासा आठवा. वरसगाव धरणाच्या काठी डोंगर कापून शहर उभं राहत होतं. राज्य सरकारची मंजुरी आमच्याकडे आहे, असं कंपनीचं म्हणणं. केंद्राची मंजुरी लागते आणि ती घेतलेली नाही, असं केंद्राचं. २५ नोव्हेंबर २०१० ला केंद्राची नोटीस आली, काम थांबलं. वर्षभराने, नोव्हेंबर २०११ मध्ये, पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. डोंगर तोवर कापून झालेला होता. मंजुरी आली म्हणून तो काही परत उगवणार नव्हता.

अशी प्रकरणं साचत गेली तसा सरकारला एक सोपा मार्ग सुचला. 'पूर्व' मंजुरी नसेल तर नंतर घ्या! मार्च २०१७ च्या अधिसूचनेने मंजुरीशिवाय काम सुरू केलेल्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. मार्च २०२० च्या मसुद्यात हा नंतरचा मार्ग कायमचा करायचं घाटत होतं, जनसुनावणीसाठीची ३० दिवसांची मुदत २० वर आणायची होती. त्यावर हरकतींचा पाऊस पडला आणि तो मसुदा तसाच राहिला. मग जुलै २०२१ मध्ये कार्यालयीन आदेशाने कार्यपद्धती आली: दंड भरा, नुकसानभरपाईचा आराखडा द्या, मंजुरी घ्या.

कोर्टाचंही या बाबतीत तळ्यात-मळ्यात चाललेलं दिसतं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओडिशातल्या खाणींच्या खटल्यात सांगितलं की नंतरची मंजुरी ही कल्पनाच कायद्यात बसत नाही. एप्रिल २०२० मध्ये गुजरातमधल्या तीन कंपन्यांच्या बाबतीत पुन्हा तेच सांगितलं. पण कारखाने बंद न करता प्रत्येकी १० कोटी रुपये भरायला लावले. १६ मे २०२५ ला मुंबईच्या वनशक्ती संस्थेच्या याचिकेवर न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांनी २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ चा आदेश दोन्ही रद्द केले, आणि इथून पुढे असे मार्ग काढू नका, असं सरकारला बजावलं. आणि १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला! बहुमताचं म्हणणं, आधीचे काही निकाल विचारात घेतलेले नाहीत, शिवाय सुमारे २०,००० कोटी रुपयांचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. त्यात ओडिशातलं ९६२ खाटांचं एम्स रुग्णालयही होतं. न्यायमूर्ती भुयान यांनी विरोधी मत नोंदवलं.

रुग्णालयाचा मुद्दा खोटा नाही. बांधून उभं असलेलं रुग्णालय पाडा, असं मीही म्हणणार नाही. पण एक लक्षात घ्या, हा युक्तिवाद प्रत्येक वेळी उपलब्ध असतो, कारण तो बांधकामातूनच तयार होतो. जितकं जास्त बांधाल तितका तो भक्कम. म्हणजे नियम मोडायला घाई करणाऱ्यालाच शेवटी सगळ्यात मजबूत बाजू मिळते, आणि जो रांगेत उभा राहून, फॉर्म नीट भरून, सुनावणीला सामोरा गेला तो वेडा ठरतो. दंड परवडत असेल तर तो दंड न राहता फी होतो. आपल्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे की रिक्वायरमेंटच्या वेळी सापडलेली चूक एका मेलमध्ये दुरुस्त होते, आणि तीच लाइव्ह गेल्यावर सापडली की शनिवार-रविवार जातात. फरक एवढाच की आपल्याला रोलबॅक आहे. सड्याला नाही.

म्हणून मला वाटतं, पानं कमी करा, मुदती आखा, ऑनलाइन करा, सगळं मान्य. फक्त 'पूर्व' हा शब्द काढू नका. तो काढला की उरतो तो फक्त पावती फाडायचा कार्यक्रम.

आणि हो, हे सगळं वाचून "आपण काय करणार?" असं वाटत असेल तर एक छोटी गोष्ट. जनसुनावणीची नोटीस स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावीच लागते, किमान ३० दिवस आधी. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, उपलब्ध करावा लागतो. २०१८ पासून अर्ज आणि अहवाल परिवेश या सरकारी पोर्टलवर बघता येतात. आपल्या गावाजवळ काही येत असेल तर तो फॉर्म उघडा आणि १५ किलोमीटरचा रकाना वाचा. तुमच्या गावची नदी, देवराई, सडा त्यात आहे का बघा. नसेल तर लेखी कळवा. आणि कळवायचं ते आधी.